हुपरी साडेपाचशे

उजाडायच्या सुमारास जिन्याखालून शिट्टी वाजायची आणि मी धडपडत टेबलाशी जाऊन बसायचे. शिट्टी मैदानावरच्या पंचाची, वाजवणारे माझे घरमालक, आणि त्या शिट्टीवर सुरू व्हायची ती माझी कादंबरी. अशा पद्धतीनं आणखी कुणी कादंबरी लिहिली असेल असं मला वाटत नाही, आणि कुणावर तशी वेळ येऊही नये.

घरमालक शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. अंगात कायम निळी ट्रॅक पँट, तिला इस्त्रीची कडक घडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. घरातही बूट आणि लग्नकार्यातही तेच बूट. सगळी पेठ त्यांना सर म्हणायची. ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं अशी बापई माणसंही त्यांना बघून तोंडातला मावा थुंकून यायची. आवाज एवढा मोठा की ते काकूंच्या कानात काही कुजबुजले तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्याला उत्तर द्यायचा.

मी मूळची चंदगडची. कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत होते आणि वर्षभराची बिनपगारी रजा काढून कादंबरी लिहायला बसले होते. रजा मिळवताना मी सगळ्यांशी भांडले होते. प्राचार्यांनी सही करताना सांगितलं होतं, "मॅडम, पुन्हा मिळणार नाही." गावाकडे आईला वाटत होतं की मला नोकरीवरून काढून टाकलंय आणि मी ते लपवतेय. म्हणजे हे एक वर्ष हाताशी होतं, आणि त्यात कादंबरी झाली नाही तर ती कधीच होणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. कादंबरी लिहीन लिहीन म्हणत मी चाळिशी गाठली होती.

मी वरची खोली भाड्यानं घेतली त्या आठवड्यात सरांनी जिन्यात गाठलं.

"दिवसभर दार लावून वर काय करताय वो मॅडम?"

"कादंबरी लिहिते."

लोक यावर 'कशावर?' असं विचारतात. सरांनी विचारलं, "रोज किती?"

"पाचशे शब्द ठरवलेत."

"ठरवलं ते कळलं. हुतंय किती?"

त्या दिवशी सकाळपासून माझे चाळीस शब्द झाले होते आणि त्यातले बरेचसे पावसाबद्दल होते.

"समोर कोण हाय?" सरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे कुणाबरोबर लावलंय? का एकट्याच पळताय? अवो, एकटं पळणारं माणूस फुडच्या कोपऱ्यावर च्या प्यायला थांबतंय."

सरांकडे आयुष्यातल्या सगळ्या अडचणींवर एकच औषध होतं, ते म्हणजे ईर्षा. त्यांच्या मते माणूस प्रेमानं, पगारानं किंवा देवाच्या भीतीनं काहीही करत नाही, समोरचा करतो म्हणून करतो. काकू रक्तदाबाची गोळी घ्यायला टाळाटाळ करायच्या, तर सर रोज जेवताना सांगायचे की शेजारच्या वहिनींचं प्रेशर बघा कसं झटक्यात खाली आलंय. ते ऐकून काकू चिडून गोळी गिळायच्या. वहिनींना प्रेशर कधी नव्हतंच. अंगणातली जास्वंद फुलेना, तेव्हा सरांनी समोरच्या घरातलं टपोरं फूल आणून तिच्यासमोर धरलं होतं. "बघ," म्हणाले, "बघ जरा." हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हाच माणूस स्वतः भलता घाबरट होता. पेठेच्या फुटबॉल टीमची मॅच असली की सकाळपासून त्यांना अन्न जायचं नाही. स्टेडियमवर सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे आणि पेनल्टी मिळाली की मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. शेजारच्याला विचारायचे, "गेला काय? गेला काय?" काकू म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी आजपर्यंत एक गोल बघिटला न्हाय."

तर एका संध्याकाळी सर खूश होऊन वर आले. "मॅडम, तुमच्यासाठी गडी मिळाला."

हा गडी म्हणजे त्यांच्या शाळेच्या टीमचा जुना गोलकीपर. हुपरीचा. घरातच चांदीचं काम, पैंजण करायचे. तोही म्हणे कादंबरी लिहीत होता, रोज, काम सुरू करायच्या आधी.

"त्याचं काल किती झालं म्हाइत हाय? साडेपाचशे."

जिन्याच्या पायथ्याशी एक काळा फळा होता. त्यावर पाण्याची मोटर कधी सुरू करायची ते लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवसापासून मोटरच्या वेळेखाली खडूनं दोन ओळी आल्या. 'मॅडम २१०. हुपरी ५५०.'

असा कुणी माणूस नाही हे मला तिथेच कळलं. वहिनींचं प्रेशर मला माहीत होतं. मी मनाशी हसले, वर गेले, आणि त्या दिवशी तीनशे ऐंशी लिहिले. काय सांगायचं? ज्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याची मला भीती वाटायला लागली. सकाळी लॅपटॉप उघडला की हुपरीत कुणीतरी आधीच बसलंय असं वाटायचं. चहाला उठले तर तो उठत नाहीये असं वाटायचं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात शब्दांचा आकडा दिसतो. मी वाक्यं बघायची सोडून त्या आकड्याकडेच बघत बसायला लागले.

मोजणीचे नियम सरांचे होते. 'आणि' धरायचा नाही, तो फुकटचा. कुणी नुसतं 'हं' म्हटलं तर तेही धरायचं नाही. "तसं धरलं तर आमची ही रोज हजार करंल," असं ते म्हणाले. मी भांडून 'पण' मिळवला. 'पण'ला जोर लागतो असं मी सांगितलं आणि ते त्यांना पटलं. खोडलेले शब्द वजा व्हायचे आणि सर त्याला सेल्फ गोल म्हणायचे. त्याचा परिणाम असा झाला की मी खोडायचंच सोडून दिलं. एखादं वाक्य वाईट आहे हे दिसत असायचं, तरी ते काढायला हात धजायचा नाही. माझी नायिका त्या दिवसांत फार स्वयंपाक करायला लागली, कारण स्वयंपाकाला शब्द लागतात. एका लग्नात तर मी पंगतीतला एकूण एक पदार्थ वाढला. त्या दिवशी पाचशे झाले आणि सरांनी खालून टाळ्या वाजवल्या.

फळा दारातच असल्यामुळे तो येणारे-जाणारे वाचायचे. आमच्या पेठेला कुठलीही चुरस चालते, ती कशाची आहे ते नंतर विचारतात. दूधवाला सकाळी म्हणायचा, "मॅडम, काल मार खाल्लासा की!" इस्त्रीवाल्यानं साडी देताना बजावलं, "हुपरीला हरायचं न्हाय बगा." कादंबरी कशावर आहे हे वर्षभरात त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. पेठेची इज्जत माझ्या नायिकेच्या पुरणपोळ्यांवर आली होती.

सर रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायचे. समोर म्हैस पिळून देतात ते धारोष्ण दूध, फेसासकट, उभ्यानं प्यायचे. आणि तिथे गेल्यावरच एक फोन करायचे. घरात लँडलाइन होती, खिशात मोबाइल होता, पण हा फोन नेहमी कट्ट्यावरून व्हायचा. मला वाटायचं, काकूंपासून काहीतरी चोरून चाललंय. भजी वगैरे.

फेब्रुवारी संपताना मी एकदा सगळं लिखाण सलग वाचून काढलं. तो दिवस मी विसरणार नाही. निम्म्याच्या वर नुसता भरणा होता. माणसं येत होती, जेवत होती, हवापाण्याबद्दल बोलत होती आणि निघून जात होती. जी गोष्ट सांगायला मी नोकरी बाजूला ठेवली होती ती कुठेतरी पंगतीत हरवली होती. रजा जूनमध्ये संपत होती. त्यानंतर मी रोज बसायचे आणि काहीच व्हायचं नाही. एक शब्द लिहायचे, तो वाईट वाटायचा, काढायचे. फळ्यावर माझ्यासमोर शून्य यायला लागलं. हुपरी मात्र थांबत नव्हती. सहाशे. सहाशे वीस. एकदा सातशे.

सातशेच्या दिवशी माझा तोल गेला. मी तरातरा खाली आले आणि म्हणाले, "सर, पुरे झालं. असा कुणी माणूसच नाही. मी काय जास्वंद आहे?"

मला वाटलं, सर हसतील. पण ते लालेलाल झाले. "न्हाय? माझा गोलकीपर न्हाय?" असं म्हणाले, बुटाची नाडी आवळली आणि भर दुपारी बाहेर निघून गेले.

काकू दारातच तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाय तो. खरंच हाय. आसं बोलाया नगं हुतं पोरी." मग एक खडा उचलून टाकला आणि म्हणाल्या, "पर आता लिवत न्हाय. दिवाळीपास्नं सोडलंय त्यानं. ह्येच आपलं रोज त्याचं काय काय मांडत्यात फळ्यावर."

मी सरांना शोधत कट्ट्यावर गेले. म्हशी अजून यायच्या होत्या. सर मोकळ्या कट्ट्यावर एकटेच बसले होते.

"त्यानं सोडलं?" मी विचारलं.

"धंद्याचं काम वाढलं म्हणाला." सर माझ्याकडं बघत नव्हते. "लगीनसराई हुती. पुन्हा चालू करंल म्हटलं. तवर फळ्यावर ऱ्हाऊ दे. पुसलं की गडी मैदानातनं भाईर जातोय वो. आन तुमाला बी समोर कोण तरी पायजे की."

"आणि त्याला माझं किती सांगत होता?"

हे मी उगीच विचारलं. उत्तर येईपर्यंत मला त्यात काही आहे असं वाटलंही नव्हतं.

"जरा वाढवून," सर म्हणाले.

"जरा म्हणजे?"

"दुप्पट. कवा कवा तिप्पट."

म्हणजे रोज संध्याकाळी याच कट्ट्यावरून हुपरीला फोन जात होता आणि त्या फोनवर माझ्या नावाची कुणीतरी बाई धडाधड कादंबरी लिहीत होती. खरं सांगायचं तर आधी मला तिचा हेवाच वाटला. मग भीती वाटली, आणि या वेळची भीती माझ्यासाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी हुपरीची एसटी पकडली. सर स्टँडपर्यंत आले. "चला की तुम्हीही," म्हटलं तर म्हणाले, "नगो. मी आलो की तो उभाच ऱ्हातोय, बोलत न्हाय." मी निघाले तेव्हा ते बाकावर बसले होते.

हुपरीत घर सापडायला वेळ लागला नाही. खालच्या खोलीत काम चालू होतं. चाळिशीच्या आसपासचा उंच माणूस खाली मांडी घालून बसला होता, समोर पैंजणांचा ढीग, बोटं काळी पडलेली. मी सरांच्या घरात भाड्यानं राहते एवढंच सांगितलं, तर तो चटकन उठून उभा राहिला.

"तुमीच व्हय त्या बाराशेच्या मॅडम?"

त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. माझ्याकडं तो अशा आदरानं बघत होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"झाली आसंल न्हवं कादंबरी? रोजच्या बाराशेनं दोन व्हायला पायजेत."

"माझे रोजचे तीनशे व्हायचे," मी म्हणाले. "चांगला दिवस असेल तर पाचशे. तेही स्वयंपाकाचे. आणि गेले कित्येक दिवस शून्य. बाराशे आयुष्यात एकदाही झाले नाहीत."

तो खाली बसला. हातातलं पैंजण त्यानं ढिगात ठेवलं.

"सर म्हणायचं, मॅडमचं आज आठशे. मॅडमचं आज हजार." तो सावकाश बोलत होता. "मी मोबाइलवर लिवायचो, पाटंचं. चारशे व्हायचं माझं. रोज. सुट्टी न्हाय. पैल्यांदा लई ईर्षा आली, पाचशे बी केलं दोन-चारदा. मग वाटाय लागलं, ह्यो आपला घास न्हवं. लिवणारी माणसं अशी आसत्यात, बाराशेची. आपण उगं कशाला मदी लुडबुडायचं? दिवाळीच्या आदी एक दिस सगळं काढून टाकलं फोनमधनं."

"सगळं?"

"सगळं. ठेवलं तर पुन्हा हात गेला आसता की."

बाहेर कुणाच्या तरी घरात हातोडी चालू होती. त्यानं काळी बोटं फडक्याला पुसली. मग एकदम हसला. ते हसू मला बघवेना.

"म्हंजे फुडं मीच हुतो की वो मॅडम."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फळ्यावरचे त्याचे साडेपाचशेही सरांनी फुगवलेलेच होते, तरी तो पुढेच होता.

निघताना तो रस्त्यापर्यंत आला. "सरांना ह्यातलं काय बोलू नगासा. मी कामाचं सांगितलंय, त्येच ऱ्हाऊ दे. मी गोल खाल्ला की सर दोन-दोन दिवस जेवायचं न्हाईत. त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं."

सांगणार नाही असं मी त्याला कबूल केलं आणि गाडीत बसल्यावर स्वतःलाही तेच बजावत राहिले. कोल्हापूर येईपर्यंत माझा निश्चय पक्का होता. पण स्टँडवर उतरले तर सर सकाळच्याच बाकावर बसलेले. म्हणजे ते घरी गेलेच नव्हते. मला बघून ते उठले आणि इतक्या आशेनं माझ्याकडं बघायला लागले की माझा सगळा राग आणि सगळी दया एकदमच वर आली.

"काय म्हणाला?"

"सर, तो माझ्या पुढे होता. रोज."

सरांचा चेहरा फुलला. "म्हाइत हाय की मला! म्हणून तर तुमचं वाढवून सांगत हुतो. फुडं असणारा गडी झोपतोय, मॅडम. त्याला झोपू द्यायचा न्हाय. चारशेवर हुता, म्या त्याला पाचशेवर न्हेला!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

त्यानं बजावलेलं मला आठवत होतं. पण हे असंच राहिलं असतं तर सर उद्या पुन्हा फळ्यावर 'हुपरी' लिहिणार होते, परवाही, आणि तो तिकडे पैंजण करत बसणार होता.

"काम वाढलं म्हणून नाही सोडलं त्यानं," मी म्हणाले. "माझे बाराशे ऐकून सोडलं. त्याला वाटलं, आपण लिहिणारे नाहीच. लिहिलेलं सगळं काढून टाकलं."

सर खाली बसले. बुटाची नाडी बांधलेलीच होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली. मग काहीतरी म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही. मी वाकले.

"सगळं काढलं?" ते पुन्हा म्हणाले.

"हो, सगळं."

मला वाटलं ते रडतील, आणि रडले असते तर बरं झालं असतं. ते समोर लागलेल्या गाड्यांच्या पाट्या एकेक करून वाचायला लागले. मी त्यांच्याशेजारी बसले. त्या माणसाला दिलेला शब्द मोडल्याचं वाईट वाटत होतं. माझी कादंबरी होणार नाही ही भीती होती ती होतीच, आणि शिवाय या म्हाताऱ्या माणसाला आता काही होईल की काय हीसुद्धा. एवढ्यात कंडक्टरनं हुपरी, हुपरी म्हणून हाका मारायला सुरुवात केली. सर उठले.

"सर, आत्ता? तुम्ही सकाळपासून जेवलेला नाही."

"जायला पायजे."

"काय सांगणार त्याला?"

"हाय ते."

ते गाडीच्या दाराशी गेले, एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं वळले.

"मॅडम, आज तुमचं किती?"

"शून्य, सर."

सवयीनं त्यांचे ओठ हलले. ते शून्यात काहीतरी वाढवणार असं मला वाटलं. कंडक्टरनं घंटी ओढली.

"शून्यच सांगतो," सर म्हणाले आणि आत गेले.